डावीकडची दोरी

कंदील जरा बारीक करा. पाऊस थांबल्याशिवाय तुम्ही काही घाटात शिरत नाही, आणि मलाही झोप येत नाही. तेव्हा ऐका. मधे कुणी फाटे फोडायचे नाहीत. शंका असेल त्यानं सकाळी विचारावी, उजेडात.

मी काही भुताखेतांवाला माणूस नव्हे. पंचवीस वर्षं साताऱ्यात गॅरेज चालवतोय. गाडी बंद पडली की बॉनेट उघडायचं, लिंबू ओवाळत बसायचं नाही, असा आपला खाक्या. पण ही गोष्ट माझ्याच गॅरेजातनं निघाली आणि माझ्याच सांगण्यावरनं निघाली, म्हणून मला ती टाळता येत नाही.

तारीख सांगतो. चौऱ्याहत्तर साल, जुलैची तेवीस, मंगळवार. अमावास्या नव्हती, उगाच माना डोलवू नका. दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. म्हणजे त्या दिवशी घरोघरच्या बायकांना भावाचा उपास.

माझ्याकडे तेव्हा नाथाजी कामाला होता. मेढ्याचा. फौजेच्या वर्कशॉपात बारा वर्षं काढलेला, हात सोन्याचा. मेढ्यात त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं होतं, ते बंद करून माझ्या हाताखाली आला होता. का, ते सगळ्या जावळी तालुक्याला ठाऊक होतं. आदल्या पावसाळ्यात त्याचा जिवाभावाचा दोस्त ज्ञानू केळघरच्या घाटात जीपसकट दरीत गेला. दोघं फौजेत एकत्र होते. तिथंही ज्ञानू गाडी चालवायचा आणि हा तीच गाडी दुरुस्त करायचा. त्या रात्री जीपमध्ये ज्ञानूचा मेहुणा बाळासो होता. त्यानं उडी टाकली, तो वाचला. त्यानं येऊन सांगितलं की वायपर जाम झाला, दोरीनं ओढूनसुद्धा हलेना, काचेवर नुसतं पाणी, दाजींना वळण दिसलंच नाही. आणि तो वायपर चारच दिवसांपूर्वी नाथाजीनं खोलून दुरुस्त केलेला.

झालं. नाथाजीला कुणी मारलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. फक्त त्याच्याकडे गाड्या यायच्या बंद झाल्या.

त्याचंही त्याला एवढं नव्हतं. त्याला लागलं ते अंजनाचं. अंजना म्हणजे ज्ञानूची बायको, बाळासोची सख्खी बहीण. नाथाजीला बहीण नव्हती. अंजना दर वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी दोन भावांचा उपास धरायची, एक बाळासोचा आणि एक नाथाजीचा. ज्ञानूच्या तेराव्याला नाथाजी गेला तर ती उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, “नाथादादा, तुमच्या हातावर इसंबून ते घाटात गेलं. आता ह्या दारात येऊ नगा.”

त्या दिवसापासून नाथाजीनं वायपरला हात लावला नाही. क्लच द्या, गिअर द्या, रात्रभर खपेल. वायपर म्हटलं की मुकाट्यानं उठून बाहेर जायचा.

तर त्या मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला बाळासो जीप घेऊन माझ्या दारात आला. जीप तीच. दरीतनं वर काढली, चौकट ठोकून सरळ केली, काच बदलली, आणि ज्ञानूमागं बाळासोच ती फिरवत होता. त्याचं गाव कोरेगावकडं. बहिणीला पंचमीला माहेरी न्यायला निघाला होता, आणि बहीण घाटमाथ्यावरच्या वाडीत. वायपर बंद होता. ती उपाशी वाट बघत असणार, आजच पोचायला हवं, म्हणाला. माझा दुसरा मिस्त्री तापानं घरी.

मी म्हटलं, “नाथाजी, बघ जरा.”

नाथाजी उठून बाहेर निघाला. मला काय झालं कोण जाणे, मी त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, “किती दिवस तोंड लपवणार आहेस? एक तर काम कर, नाहीतर अवजारं ठेव खाली.” चुकलंच माझं. पण तो थांबला, आणि जीपकडे गेला.

आता हा वायपर तुमच्या हल्लीच्या गाड्यांसारखा विजेवरचा नव्हे. जुन्या जीपला काचेच्या वरच्या चौकटीवर एक डबी असते. इंजिन हवा ओढतं ना, त्याच ओढीवर रबरी नळीतनं ती डबी चालते आणि वायपरचा दांडा हलवते. नाथाजीनं इंजिन चालू केलं, नळी डबीपासून सोडवली आणि तोंडाशी अंगठा धरला. ओढ अगदीच मंद. मग इंजिनाशी नळी काढून तिथं अंगठा धरला. तिथं अंगठा खसकन ओढला गेला. म्हणजे इंजिन ठीक, दोष नळीत. बॉनेटखाली वाकते तिथं ती तडकली होती. दुसरी नळी कापून बसवली की काम संपलं. पाच मिनिटांचं काम.

पण त्यानं डबीही खोलली. बाळासो म्हणाला, “ती कशाला खोलतुयास मिस्त्री? उशीर व्हतोय.” नाथाजीनं स्क्रू काढणं चालूच ठेवलं.

डबीच्या आत एक पातं असतं, त्याच्या कडेला चामड्याची पट्टी. ती वाळली की डबी अडते. नाथाजीनं वर्षापूर्वी ती पट्टी आपल्या फौजी पट्ट्यातनं कापून बसवली होती आणि एरंडेलात भिजवली होती. तीच पट्टी आत होती. मऊ. एरंडेलाचा वास अजून येत होता. त्यानं पातं बोटानं ढकललं, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज गेलं. परत ढकललं. परत.

नंतर तो मला म्हणाला, “तात्या, तवाच वळखलं. ही डबी कवाच जाम झालेली न्हाई. ह्यातलं काय बी कुणी बदललेलं न्हाई. मग त्या राती जाम काय झालं?”

पण तेव्हा त्यानं डबी बंद केली, रबराची धार फडक्यानं पुसली, पाणी ठरू नये म्हणून काचेवर चिमूटभर तंबाखू चोळली, आणि एवढंच म्हणाला, “सपाटीला चालंल. चढाला दोरी लागणार.”

हेही सांगतो. चढावर ॲक्सिलेटर दाबला की इंजिनाची ती ओढ जाते आणि वायपर नेमका नको तिथं थांबतो. म्हणून घाटात जाणारे ड्रायव्हर वायपरच्या दांड्याला सुतळी बांधायचे. एक टोक उजवीकडनं ड्रायव्हरच्या हातात, दुसरं डावीकडनं शेजारच्याच्या हातात. शेजारच्यानं ओढली की वायपर डावीकडे, ड्रायव्हरनं ओढली की उजवीकडे. सगळा घाट असा ओढत जायचा. डावीकडचा माणूस झोपला की संपलं.

मी बाळासोला विचारलं, “तुझ्याबरोबर डावीकडे कोण आहे?”

“कोण न्हाई.”

“मग नाथाजीला ने. सकाळच्या बसनं येईल परत.”

दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की बस. बाळासो म्हणाला, “नगं, मी जातो एकटाच.” आणि ते ऐकून नाथाजी डावीकडे चढून बसला. त्याच्या मनात एकच होतं. अंजनाला एकदा विचारायचं, की मी काय चुकलो ते मला नीट सांग.

वायपरला सुतळी बांधून पावणेआठला ते निघाले. मेढ्यात चहा प्यायले तेव्हा नऊ वाजत आले होते. केळघर मागं पडलं, चढ लागला, आणि पाऊस असा लागला की दिव्याच्या उजेडात नुसती पांढरी भिंत. वायपर मंदावला. दोनदा अडखळला. थांबला.

“धर तुझी दोरी,” नाथाजी म्हणाला.

“तू वढ. मी बगतो,” बाळासो म्हणाला.

नाथाजीनं आपल्याकडची सुतळी ओढली. वायपर डावीकडे आला. क्षणभर थांबून उजवीकडे परत गेला. त्यानं पुन्हा ओढली, पुन्हा परत गेला. बरं चाललं होतं. काच निवळली, रस्ता दिसायला लागला. नाथाजीला वाटलं, चला, निदान दोरी तरी धरली ह्यानं. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं.

तिसऱ्या वळणावर बाळासोनं गिअर टाकला. डावा हात गिअरवर. नाथाजीनं सहज बघितलं.

उजवा हात स्टेरिंगवर होता.

वायपर उजवीकडे गेला.

नाथाजीनं वाकून बघितलं. उजवीकडची सुतळी जीपच्या आत नव्हतीच. चौकटीवरनं बाहेर गेली होती. बाहेर, पावसात. आणि ताठ होती.

“बाळासो.”

“काय?”

“तुझी दोरी कोण वढतंय?”

बाळासोनं उजवीकडे बघितलं नाही. मान ताठ केली, आणि पुढंच बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

नाथाजीनं हातातली सुतळी सोडली नाही. सोडायची भीती वाटत होती, म्हणाला. ओढावी, तर पलीकडनं परत ओढली जायची. शांतपणे. घाई नाही. आणि मग एकदा त्याच्या हाताला दोन हिसके बसले. बारीक, लागोपाठ.

ते हिसके नाथाजीला माहीत होते. आसामात, रात्रीच्या काफिल्यात, दिवे बंद करून जाताना डावीकडे बसलेल्या नाथाजीला ज्ञानू दोरीतनं असेच द्यायचा. दोन हिसके, म्हणजे धरून ठेव, पुढं वळण आहे.

त्याच्या तोंडून निघून गेलं, “ज्ञानू…”

वायपर थांबला.

डावीकडच्या टोकाला. तिथंच. नाथाजीची सुतळी त्याच्या हातात सैल पडली होती, तरी वायपर हलेना. उजवीकडची दोरी ओढली जात होती. ताणली जात होती. सुतळीतनं पाणी पिळून निघत होतं. दांडा थरथरत होता. हलत नव्हता. काचेवर पाणी. पुढं काही नाही…

बाळासोनं ब्रेक दाबला. जीप घसरली, थांबली. पुढचं चाक कुठं आहे ते दोघांनाही दिसत नव्हतं.

इंजिन बंद पडलं. पाऊस. आणि दोरी ताणल्याचा करकर आवाज.

“मी बांधलीवती,” बाळासो म्हणाला.

नाथाजीनं त्याच्याकडे मान वळवली.

“डावीकडची. टपाच्या दांडीला. गाठ मारली… दाजी मला गाडी चालवाय देत नव्हतं. समद्यांदेखत हसलं मला त्या दिवशी, म्हणलं तू नुसती दोरी वढ. मला राग आला. म्हणलं, बगू बिनदोरीचं कसं चालवतोस. एक वळण. एकच वळण भ्या घालायचं हुतं.”

“मग?”

“मग सुटंना. सुतळी भिजली. गाठ आवळली. दाजी वराडतंय, सोड… सोड… माज्या हातानं सुटंना. मी उडी टाकली.”

नाथाजीला वाटलं आपण ओरडतोय. पण आवाज अगदी बारीक निघाला. “आन् माजं नाव घेतलंस.”

बाळासो काचेवरचं पाणी बघत राहिला.

“खाली उतरलावतास का? जीपपाशी?”

“…व्हय.”

“काय केलंस?”

“आदी गाठ कापली. कुणी बगायच्या आत. मग हाक मारली वर रस्त्यावरच्या माणसांना.”

“ज्ञानू तवा जित्ता…”

नाथाजीनं तिथंच थांबवलं स्वतःला. बाळासोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि मग, बाहेर, करकर थांबली.

नाथाजी मला म्हणाला, “तात्या, मला ज्ञानूचं भ्या वाटलं न्हाई. मला बाळासोचा इटाळ वाटला. वरीसभर मी झोपलो न्हाई. माज्याच हातानं माजा दोस्त मेला म्हणून मी माजे हात बगत बसायचो. आन् ह्येनं वरीसभर तिच्या घरी जाऊन जेवलं.”

नाथाजीनं बाळासोला उतरवलं आणि डावीकडे बसवलं. “दोरी धर,” म्हणाला. बाळासोनं दोन्ही हात काखेत दाबले आणि मान हलवली, नाही. त्यानं जीप चालू केली, दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवले.

वायपर हलला. डावीकडे. उजवीकडे. डावीकडे.

दोन्ही दोऱ्या कुणाच्याच हातात नव्हत्या.

घाटमाथ्यापर्यंत काच स्वच्छ होती. माथ्यावर सपाटी लागली तेव्हा वायपर जरासा थांबला, मग आपला नेहमीसारखा इंजिनावर चालू लागला, आणि सुतळीची दोन्ही टोकं वाऱ्यावर फडफडत राहिली. नाथाजीला तिथं रडू आलं. त्यानं पुसलं नाही.

वाडीच्या तोंडाशी त्यानं बाळासोला विचारलं, “सांगणार का तुज्या आक्काला?”

“सांगतो. आईशपथ सांगतो. फकस्त आज रातीला नगं. उपाशी हाय ती. सकाळी सांगतो.”

दार उघडलं ते ज्ञानूची आई राहीबाईनं. पाठीमागं अंजना. भाऊ आला म्हणून तिच्या तोंडावर हसू आलं, आणि नाथाजी दिसल्यावर गेलं. तिनं त्याला आत ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. तो पडवीत पोत्यावर पडून राहिला. पहाटे केव्हातरी पाऊस थांबला.

सकाळी अंजनानं पाटावर नागोबा काढला, दूध-लाह्या दाखवल्या. बाळासो चुलीपुढं हात शेकत बसला होता. नाथाजी उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

“बाळासो. सांग आता.”

“काय सांगू?” बाळासो म्हणाला. आवाज अगदी सरळ. “आक्का, ह्येला रातभर घाटात कायबाय दिसत हुतं. ज्ञानू ज्ञानू करत हुता. सोताचं पाप माज्यावर ढकलाय बगतोय. मी आपला आणला बरोबर, कीव आली म्हणून.”

माणूस एकदा फसवतो तेव्हा राग येतो. दुसऱ्यांदा, तेही शपथ घेऊन, तोंडावर फसवतो तेव्हा रागसुद्धा येत नाही, पायांखालचं काहीतरी निघून गेल्यासारखं होतं. नाथाजीपाशी पुरावा काय होता? डबीतली चामड्याची पट्टी. ती अंजनाला काय कळणार?

“मला ठावं हुतं तुमी असंच कायतरी करणार,” अंजना नाथाजीकडं न बघता म्हणाली. “जावा आता. सणाच्या दिवशी तोंडून वंगाळ निघाय नको.”

तो वळला. चपला शोधत होता.

मागं अंजना भावाला म्हणत होती, “हात कर रं बाळा. लाह्या घे, मग निगू.”

बाळासोनं उजवा हात पुढं केला.

आणि मग काहीच ऐकू आलं नाही. इतका वेळ, की नाथाजीनं मागं वळून बघितलं.

अंजनानं भावाचं मनगट धरलं होतं. तळहातावर, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, सरळ एक काप होता. खोल. कातडी दोन्ही बाजूंना फाकलेली. दोरी जिवाच्या आकांतानं ओढल्यावर पडतो तसा. नाथाजी आजही शपथेवर सांगतो, त्या रात्री बाळासोनं दोरीला बोट लावलं नव्हतं. आणि बाळासो स्वतःच्या हाताकडं असा बघत होता, की तो हात दुसऱ्याचाच असावा.

“ह्यांच्या हातावर असाच हुता,” अंजना म्हणाली. अगदी हळू. “मूठ मीच उघडली, मीच मिटली. कुणाला दावली न्हाई. मला वाटलं, स्टेरिंग धरून झालं आसंल.”

बाळासोनं हात ओढून घ्यायला बघितलं. तिनं सोडला नाही.

“ते वढत हुतं,” ती म्हणाली. “जीव खाऊन वढत हुतं. मग दुसरीकडनं कोण धरून हुतं, बाळा?”

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्या हातातल्या लाह्या तिनं परत ताटात ठेवल्या, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या नाथाजीकडं, वर्षात पहिल्यांदा, मान वर करून बघितलं.

राहीबाई दिवा घेऊन जवळ आली, तेव्हा दिसलं. त्या कापात सुतळीचा एक धागा रुतलेला होता. पाऊस कधीच थांबला होता. बाळासोचा हात चुलीपुढं शेकून पार कोरडा झाला होता. तो धागा तेवढा ओला होता, आणि त्यातनं थेंब थेंब पाणी ताटात पडत होतं.